तबकावरचं नाव

अण्णा, मी रायफल घेतली. दिवाणखान्यात टांगायची शोभेची नाही. खरी, गोळी सुटणारी, तुमच्या कारखान्यातल्या शॉपमधून दुरुस्त होऊन लष्कराकडे परत जायच्या त्याच जातीची. "कशाला?" असं तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत. आता तुम्हाला विचारता येत नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्याशी मध्ये न थांबता बोलणार आहे.

इथे ओहायोत जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या शेडमध्ये बंदुकांचा बाजार भरतो, आपल्याकडे भांड्यांचा भरावा तसा. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या मायक्रोस्कोपवर बसणारी माझी एक मैत्रीण शेतावर राहते. नवरा गेल्यावर त्याच्या बंदुका विकायला ती निघाली, सोबत म्हणून मी गेले, आणि पॉपकॉर्न खायला तुमचे जावई आले. तिथे एका टेबलावर जुन्या लष्करी मालात ती आडवी पडली होती. अंगावर ग्रीसचा तपकिरी थर, दस्त्यावर ओरखडे. मी ती ओळखली पुढच्या लाकडातून आरपार गेलेल्या आडव्या स्क्रूवरून. आपल्या हवेत लाकूड फुटतं म्हणून आपण हा स्क्रू घालतो, इंग्रज साहेबाच्या रायफलीला तो नसतो, हे तुम्ही जेवताना दादाला सांगत होतात. दादाला आज विचारलं तर आठवत नाही. मी पोळ्या वाढत होते, मला आठवतं.

विक्रेता जावयांकडे बघून किंमत सांगू लागला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मॅम, गिफ्ट फॉर युअर हजबंड?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "फॉर माय फादर." "ओह, कलेक्टर आहेत का?" "नो. डेड." त्याने कागद पुढे सरकवले. घेणाऱ्याची सरकारी तपासणी फोनवर झाली, हातातला चहा निवायच्या आत, आणि मी पास झाले. तुमचं आख्खं आयुष्य तपासण्यात गेलं, अण्णा. नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायची, डोळा लावायचा, आणि म्हणायचं पास किंवा रिजेक्ट. घरीही तेच दोन शब्द होते. भाजीला, पाहुण्यांना, आमच्या मार्कांना. माझ्या वाट्याला बहुतेक दुसरा आला.

खंडेनवमीचा दिवस सांगते. त्या एका दिवशी घरच्यांना कारखान्यात सोडत. शॉप धुऊन काढलेलं, लेथला झेंडूच्या माळा, आणि लाकडी घोडीवर ओळीने उभ्या रायफली, नाकाला जवसाच्या तेलाचा वास. मी परकर-पोलक्यात, हातात पितळी तबक. हळद, कुंकू, अक्षता, निरांजन. एकेका रायफलीला मी कुंकू लावत जाते आणि तुम्ही मागून सांगता, लाकडाला नको, लोखंडाला लाव. मग तुम्ही एक रायफल उचलून दादाच्या खांद्याला लावता. तो लटपटतो, सगळे हसतात, तुम्ही त्याचं कोपर धरून सावरता. मी तबक खाली ठेवून म्हणते, अण्णा, आता मी. तुमचे साहेब आणि फोरमन बघत असतात. तुम्ही तबक उचलून परत माझ्या हातात देता आणि म्हणता, "तुझ्या हातात हेच शोभतं." ते सगळे पुन्हा हसतात. त्या हसण्याचा सूर मला अजून म्हणून दाखवता येईल.

तरी मी शिकले. कॉन्व्हेंटच्या कॉलेजात मुलींचं कॅडेट पथक होतं, त्यात छोट्या रायफलीने नेमबाजी होती. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. दादाच्या ताटाशेजारी उभी राहून मी ते आधीच पाठ केलं होतं. दिल्लीच्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली. मी निशाणाचं कार्ड घरी आणून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही खिशातलं भिंग काढून प्रत्येक भोकाच्या कडा पाहिल्यात. म्हणालात, "एका भोकावरून काही कळत नाही, ते नशीब असतं. तीन जवळजवळ पडली की माणूस कळतो. ग्रुपिंग चांगलं आहे." त्या रात्री आनंदाने मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही कॉलेजात जाऊन माझं नाव कापून आलात. अमेरिकेतला मुलगा सुट्टीवर आला होता, तो बघायला येणार होता, आणि उन्हातान्हात रापलेली, खांद्यावर वळ असलेली मुलगी दाखवायची नव्हती. सिस्टर मला जवळ घेऊन म्हणाल्या, हे दुःख देवाला अर्पण कर. अण्णा, मी देवाला काहीही अर्पण केलेलं नाही. सगळं नीट जपून ठेवलं आहे.

मुलगा चांगला निघाला, याचं श्रेय तुम्ही घेऊ नका. तुम्ही दोन चहांमध्ये ठरवलंत. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही मला आहेर दिलात, तेच खंडेनवमीचं तबक, चिंचेने लख्ख घासून, ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून. वरच्या काठावर एक नाव, खाली "हिस अण्णांकडून सप्रेम". वरचं नाव मी वाचलं आणि मला वाटलं, भांडेवाल्याने दुसऱ्या कुणाचं तबक दिलं. तुम्हाला तसं म्हणालेसुद्धा. तुम्ही म्हणालात, "तुझंच आहे. सासरी हे नाव ठेवणार आहेत." म्हणजे सासरच्यांनी तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही हो म्हणाला होतात, भांडेवाल्याला कळलं होतं, आणि मला तबकावरून कळलं. वीस वर्षं जे नाव ऐकून मी वळत होते ते तुम्ही मला न विचारता, मोठ्या सफाईने काढून घेतलंत. रिजेक्ट झालेल्या रायफलीचा नंबर घासून नवा घालतात तसं. तेच नाव माझ्या पासपोर्टवर, पगारावर, पेन्शनवर, आणि आता रायफलीच्या कागदांवरही आहे. तेवढी गंमत तुमच्या पदरात टाकते.

तर या उन्हाळ्यात मी ती रायफल गॅरेजमध्ये सुटी केली. तुम्ही घाईने काम करणाऱ्याला कसाई म्हणायचात, म्हणून मी घाई केली नाही. लाकूड इतकं ग्रीस प्यायलं होतं की उन्हात धरलं की घाम फुटायचा. काळ्या पिशवीत घालून मी ते डेकवर लोणच्याच्या बरणीशेजारी वाळवणासारखं ठेवत होते आणि संध्याकाळी पुसत होते. तरी डाग सुटेनात, तेव्हा इंडियन स्टोअरमधून मुलतानी माती आणली, लेप दिला, तिने उरलेलं तेल ओढून घेतलं. जावई दारात उभे राहून म्हणाले, "चाळीस वर्षांत माझ्या तोंडाला कधी लेप लावला नाहीस." मी म्हटलं, तुमच्यावरचं काही सुटणार नाही. लोखंडावरचा गंज बारीक तारेच्या घासणीने काढला, नळीतून कापडाचे तुकडे ओढले, ते काळे येत होते ते हळूहळू पांढरे येऊ लागले. मग नळी गॅरेजच्या उघड्या दाराकडे धरली आणि डोळा लावला. आत उजेडाची वेटोळी फिरत गेलेली. तुम्ही हे रोज बघत होतात आणि एकदाही मला हाक मारली नाहीत.

लेकीने जर्सी सिटीहून फोन केला. "आई, यू बॉट अ गन? लाइक, व्हाय?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांमुळे. तर ती विरघळलीच. "ऑ, आजोबा वॉज सो स्वीट! त्यांनी मला झाडूने नेम धरायला शिकवलेलं, रिमेंबर?" मला ते माहीत नव्हतं, अण्णा. मी स्वयंपाकघरात असेन. तिला शिकवलंत. कोपर धरून, श्वास अर्धा सोडायला सांगून, हसत हसत. ती म्हणते, तुम्ही तिला म्हणाला होतात, मुलींचा हात मुलांपेक्षा स्थिर असतो. फोन ठेवल्यावर मी दस्त्याला जवसाचं तेल चोळायला घेतलं, तळहात भाजेपर्यंत. तोवर रायफल तयार झाली की कदाचित विकून टाकावी असं मनात होतं. त्या संध्याकाळी मी माळ्यावरून तबक काढलं.

मैत्रिणीच्या शेताच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे, त्याच्यापुढे तिचा नवरा निशाणं लावायचा. काड्या रोवून मी तबक तिथे उभं केलं, नाव वरच्या अंगाला. इतक्या लांबून अक्षरं दिसत नाहीत, नुसती पिवळी टिकली दिसते, पण नाव कुठे आहे हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. मैत्रीण म्हणाली, "आर यू शुअर? इट्स प्रिटी." मी म्हटलं, इतकी वर्षं प्रिटीच होतं. जावई कानांवर आवाज अडवणारे मफ लावून तिच्या ट्रकमागे गेले. पहिली गोळी बांधात गेली, दुसरीही. खांद्याला लाथ बसावी तसा धक्का बसला आणि मला बरं वाटलं. मग मी दादाच्या ताटाशेजारी उभी राहिले. श्वास अर्धा सोडला, थांबले. चाप दाबत नेला. तबक टणकन उडून मागे पडलं.

नावाच्या मधोमध भोक होतं. कडा मागे वळलेल्या, ठिपक्यांची अक्षरं फाटलेली, आता ते कुणाचंच नाव म्हणून वाचता येत नाही. खालचं "सप्रेम" शाबूत. जावयांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि मला माझ्या माहेरच्या नावाने हाक मारली. त्यांना ते अजून आठवतं, हेच मला ठाऊक नव्हतं. मैत्रिणीने टाळ्या वाजवल्या, म्हणाली, चला, झालं, आता कॉफी. झालंच होतं. ज्यासाठी आले होते ते झालं होतं, आणि इतका गोड घास मी आजवर खाल्ला नाही, अण्णा, हे तुम्हाला कळावं.

येत्या खंडेनवमीला परसातला झेंडू असेल, पाटावर रायफल असेल, आणि याच तबकात हळदकुंकू. अक्षता गळतील, गळू देत. पूजा झाल्यावर मीच उचलीन आणि मीच खांद्याला लावीन.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं तुम्हाला कळावं असं मला वाटत नाही. त्या दोघांना मी कॉफीला पुढे पाठवलं, तबक पुन्हा काड्यांवर उभं केलं आणि आणखी दोन गोळ्या मारल्या. तिन्ही भोकं एका बेसनाच्या लाडवाखाली झाकली जातील. तबकाला लागलेली पहिली गोळी माझ्यासाठी होती. पुढच्या दोन तुमच्यासाठी, एका भोकावरून काही कळत नाही म्हणून.