कुणीच न ऐकलेला अर्ज

नांदेड,
२२ जून २०२५

प्रिय अण्णा,

शरणार्थ.

मी बरी आहे. वसतिगृहात नव्या मुली यायला लागल्यात, दिवसभर पालकांचा राबता असतो. अव्वाचे गुडघे कसे आहेत? आईला या वयात जिना चढू देऊ नका. तुझ्या अक्षराला बारावीला चांगले गुण पडले, हे सिंधुमावशीकडून कळलं. तू कळवलं असतंस तर जास्त आनंद झाला असता. वहिनींना नमस्कार सांग.

मी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला गेले. तुझा विश्वास बसणार नाही, पण पास होऊन गेले.

प्रवेश घेतला तेव्हा तुला फोन केला होता, आठवतं? तुझ्या वकिलीच्या ऑफिसात निकाल शोधायची वर्गणीची साइट आहे, तिचा पासवर्ड रविवारपुरता देशील का, एवढंच विचारलं होतं. तू हसलास. "शिवा, या वयात हे काय करायलीस? पोरींचं वसतिगृह सांभाळ. आन् असलं फुकट मिळत नसतंय," म्हणालास.

मिळतं, अण्णा. सगळे कायदे सरकारच्या इंडिया कोडवर आहेत. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर कुणालाही बघता येतात, त्यातले काही चक्क मराठीत. हायकोर्टाची स्वतःची साइट आहे. व्याख्यानं सरकारच्याच 'स्वयम्' नावाच्या साइटवर ऐकायची. शिकवायला कुणी नव्हतं म्हणून सुरुवातीला चुकले. रद्द झालेल्या जुन्या दंडसंहितेची कलमं पाठ करून वर्गात म्हणून दाखवली आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून कुठलाही कायदा वाचायच्या आधी तो अजून लागू आहे का, हे बघते.

कौटुंबिक कायद्याच्या पेपरला मुलाच्या ताब्याचं प्रकरण होतं. तेवढं मी शेवटी ठेवलं होतं. का, ते तुला सांगायला नको.

शेवटी वाचायला घेतलं. एका निकालात बाई घरी शिवणकाम करायची, तरी कोर्टानं मूल तिच्याकडं दिलं. दुसऱ्यात आई माहेरी भावाच्या आधारानं राहत होती, तरी दिलं. मुलाचं हित आधी, आईची कमाई कमी म्हणून तिला डावलता येत नाही, हेच पुन्हापुन्हा. मी वाचतच गेले आणि मला संताप यायला लागला. तुझा नाही, त्या लातूरच्या न्यायाधीशाचा. तेव्हा माझा शिवांश सहा वर्षांचा होता. तू घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाला होतास, "कोर्टानं पोरगं तुझ्या सासरीच ठेवलं. तुला कमाई न्हाई म्हणले साहेब. वरच्या कोर्टात जाऊन काही हाती लागायचं न्हाई." मी जेवत होते. ताट तसंच सरकवलं होतं.

त्यानंतर इतकी वर्षं मी असंच धरून चालले की एका शहाण्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मी आई व्हायला कमी पडते असं ठरवलं. म्हणून नोकरी धरली. म्हणूनच वकिलीला बसले. त्या साहेबांनी नेमकं काय लिहिलं, ते एकदा वाचायचं होतं.

जिल्हा कोर्टाचं सगळं ई-कोर्ट्सवर दिसतं. पक्षकाराचं नाव टाकायचं, वर्ष टाकायचं. मी माझं नाव टाकलं.

निकाल नव्हताच, अण्णा. तीन ओळींचा आदेश होता. पुकारा केला असता अर्जदार व अर्जदाराचे वकील गैरहजर. मागील तारखांनाही गैरहजर. सबब अर्ज फेटाळण्यात येतो.

मी तो कितीदा वाचला ते विचारू नकोस. तारीख कधी आहे, मी पण येते, असं म्हटलं की दर वेळी तू म्हणायचास, "तुझं काय काम तिथं? वकील हाय ना मी." माझ्याविषयी कुणी काही ठरवलंच नव्हतं. माझं कुणी ऐकलंच नव्हतं.

मला वाटलं, तू आजारी असशील, विसरला असशील. मनातल्या मनात तुझी बाजू मीच मांडून बघितली. पण त्या साइटवर वकिलाच्या नावावरूनही शोधता येतं. तुझं नाव टाकलं. माझा अर्ज फेटाळला, त्याच्या पुढच्याच महिन्यात तू माझ्या सासऱ्यांच्या दाळमिलचा वकील म्हणून उभा होतास. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक काम तुझ्याकडं आहे.

मागच्या आठवड्यात मी लातूरला येऊन गेले. तुझ्या घरी आले नाही. शिवांशला भेटले. त्याच्या क्लासजवळच्या रसवंतीत तो दहा मिनिटं थांबायला तयार झाला. किती उंच झालाय, तुला माहीतच असेल. आदेशाचा कागद पिशवीत होता, तो मी काढला नाही. माझ्या हातातल्या कागदावर तो विश्वास ठेवणार नाही, हे कळत होतं. "तुझ्या फोनवर तूच शोध," म्हणाले.

त्यानं शोधलं, वाचलं. मग म्हणाला, "आजोबा हेच सांगायचे. तुम्ही कोर्टात कधी आलाच नाहीत म्हणून. इथं पण तेच लिहिलंय की."

तो मला तुम्ही म्हणतो.

"मला कुणी तारीख सांगितलीच नव्हती रे," मी म्हणाले.

"कुणी सांगायची होती?"

"तुझ्या मामानं."

"रवीमामा? ते तर दर दिवाळीला येतात आमच्याकडं. तुमच्याबद्दल वाईट एक शब्द बोलत नाहीत." त्यानं फोन खिशात टाकला आणि उठला. जाताना पाया पडला, परक्या बाईच्या पडावं तसा.

तो अठराचा झालाय. आता कुठलंही कोर्ट त्याला माझ्याकडं देऊ शकत नाही. मी कायदा शिकले तो नेमका माझ्या कामाचा उरला नाही तेव्हा.

तू मात्र अजून कायद्यात बसतोस. वकील कायद्याचं कलम पस्तीस, वकिलाच्या गैरवर्तनाचं, मी नीट वाचलं. अजून लागू आहे. बार कौन्सिलकडं तक्रार दिली, सोबत आदेशाची नक्कल आणि मिलच्या प्रकरणांची यादी जोडली. काल अव्वाचा फोन आला होता. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. "भाऊ हाय तुझा, घरातलं घरात ठेव," म्हणून रडत होती. अर्ज घरात दिला नव्हता, अण्णा, कोर्टात दिला होता.

नोटीस येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. उत्तर देणार असशील तर वकील म्हणून दे. अण्णा म्हणून दिलेलं मी उघडणार नाही.

तुझी पक्षकार,
शिवकन्या गुरुपादप्पा