घडीच्या चाकूची पारख
बोरी अरब, बाजाराचा दिवस, संध्याकाळ

मागच्या स्वस्त चाकूचं पातं अचानक मिटलं अन माह्यं बोट कापलं. म्हणून आज नवा घडीचा चाकू घ्याले जाताना वाळकी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची टणक काडी, पिशवीत नेली. दुकानदार कागद कापून दाखवत होता. कागद तं कोणताही चाकू कापते! म्या त्याचे चार चाकू पऱ्हाटीवर दाबले. चारही पाती बुडाशी हलली.

"काकू, या भावात असेच भेटते."

तेवढ्यात त्यानं सुतळी कापाले खिशातून काळा, झिजलेला चाकू काढला. म्या तोही मागून पऱ्हाटीवर दाबला. पातं जराही हललं नाही.

"हाच द्या."

"हा इकाचा नाही, काकू. माह्या कामाचा आहे."

रिकाम्या हातानं आली, पण पारख चुकली नाही. अख्ख्या दुकानात चांगला चाकू एकच, अन तो त्याच्या खिशात.