पासवर्ड फक्त मलप्पाला

१२ एप्रिल २०१६
लातूरला आज रेल्वेनं पाणी आलं. आम्हा उदगीरकरांना टँकरच. टँकरवाला पंढरी घरोघरी आधारची झेरॉक्स मागत होता. मी दिली नाही. आजकाल माणसाची ओळखच चोरतात, पेपरात वाचलं. बायको दानम्मा म्हणाली, मग पाणी कोण देणार? म्हणालो, पाण्यापेक्षा सुरक्षा मोठी. ती घागर घेऊन बहिणीकडे गेली.

१३ एप्रिल
निश्चय. पिन, पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. दानम्मालाही नाही, बायकांच्या बोलण्यातून गोष्टी बाहेर जातात. फक्त मलप्पाला सांगून ठेवला. मला काही झालं तर कोणाला तरी माहीत हवा. तिसरीपासून एका बाकावर बसलो आम्ही. मलप्पा म्हणजे मीच. आधार, पॅनच्या झेरॉक्सही त्याच्याकडेच ठेवल्या. आमच्या घरात उंदीर आहेत.

२ मे
उदगीर जिल्हा होणार. मलप्पाला आतून पक्की खबर आहे. कलेक्टर ऑफिस होणार त्याच्या शेजारचा प्लॉट आत्ताच धरावा म्हणतो. भांड्यांच्या दुकानातली जन्माची बचत बँकेत आहेच. दानम्माचं म्हणणं, आधी बोअर खोल करा. दूरदृष्टी नाही.

१९ मे, सकाळी
फोनला रेंज नाही. ऊन लई आहे, त्यामुळे असेल.

संध्याकाळी
अजून नाही. एका अर्थी बरंच. फोनच बंद, तर फसवणारे फोन करणार कुठं?

२० मे
पासबुक भरायला गेलो. खातं रिकामं. क्लार्कला म्हणालो, तुमचं मशीन बिघडलंय. त्यानं पाण्याचा भरलेला ग्लास पुढं केला. लातूर जिल्ह्यात, या वर्षी.
मॅनेजरनी समजावलं. कोणीतरी माझ्या कागदांवर डुप्लिकेट सिम काढलं. माझा फोन मेला, ओटीपी त्याच्याकडे गेले. पासवर्ड त्याला आधीच माहीत होता.
घरी दानम्मा रडली नाही. बोअरवाल्याला फोन करून येऊ नका म्हणाली.

२१ मे
चोर सापडला. पंढरीच. भर चौकात त्याला चोर म्हणालो. लोक जमले. तो चिडला नाही. "तुमी तर झेरॉक्स दिलीच न्हाई मला, आप्पा," म्हणला, अन् पाइप उचलून पुढच्या घराकडे गेला. मुरलेले चोर असेच शांत असतात.
दानम्माच्या फोनवरून मलप्पाला लावला. बंद. बातमी ऐकून बिचाऱ्यानं हाय खाल्ली असणार.

२३ मे
सिमच्या दुकानात गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुमचे मित्र आले होते की कागद घेऊन. तुम्हीच मागं त्यांना घेऊन आला होतात, हा आला म्हणजे मीच आलो समजा, असं म्हणाला होतात.
म्हणालो होतो खरं.
पोलीस ठाण्यात फौजदारांना माझा तर्क सांगितला. मलप्पाच्याही ओळखीची चोरी झाली असावी. त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोणी. फौजदारांनी पेन खाली ठेवला आणि घरचं कोणी सोबत आलंय का विचारलं.

२४ मे
मलप्पाच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, निलंग्याला सासरवाडीला गेलेत, सामानासकट. उन्हं उतरेपर्यंत ओट्यावर बसलो. आला असता तर एवढं तरी विचारलं असतं, बरा आहेस ना?

३ जून
पोलिसांनी मलप्पाला निलंग्याहून ठाण्यात आणलं. प्लॉट त्यानं घेतलाय. स्वतःच्या नावावर. दानम्मा सोबत आली. मी वाटेतच ठरवलं होतं, एकच विचारायचं. तसं विचारलं. तुला हे कोणी करायला लावलं?
त्यानं मान वर केली.
"कोणी न्हाई. तू जगाला सांगत फिरलास, मलप्पा म्हणजे मीच. दुकान तुझं, घर तुझं. माझं काय होतं, ईश्वरप्पा?"
फौजदारांनी कागद पुढं ओढला. हे तुमचे कोण, म्हणाले. सोपा प्रश्न होता.
दानम्मानंच उत्तर दिलं, "ओळखीचे होते."
त्यांनी तसंच लिहिलं. मी सही केली.