पानं हिरवी ठेवण्याचा प्रयोग

५ जानेवारी
संकल्प. यंदा प्रयोगशाळेतून फॉर्मॅलिन हद्दपार. पानं टिकवायची ती ग्लिसरीन आणि गरम पाण्यात. विष नाही, वास नाही. हरित रसायनशास्त्र पोरांना करून दाखवायचं! मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, महिनाअखेरीस समिती येतेय, पटलं तर विषय राहील, नाहीतर खोली कॉम्प्युटरवाल्यांना. म्हटलं, निर्धास्त राहा. कंबर दुखतेय, पण उत्साह दांडगा.

१२ जानेवारी
पानं तपकिरी झाली. ग्लिसरीनचा स्वभावच तो. मला ठाऊक होतंच (आज वाचलं). पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, मग याला हरित का म्हणायचं? हिचं नाव मी शंकासुर ठेवलंय. म्हटलं, हरित हा रंग नव्हे, वृत्ती आहे. वर्ग एकदम शांत. पटलं असावं. अर्धे झोपले होते.

१७ जानेवारी
बाईंनी 'हरित' असा भलामोठा फलक रंगवून घेतलाय. खाली माझी पानं. म्हणाल्या, हा केर समितीला दाखवणार? वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

१९ जानेवारी
मोरचूद. चमचाभरच. नवी पानं हिरवीगार! विषारी आहे, मान्य. पण बाकी सगळं ग्लिसरीन, म्हणजे बहुमत तत्त्वाच्या बाजूनं. पाणी किंचित निळं दिसतं. उजेडाचा दोष. बायकोला सांगितलं तर म्हणाली, मग फॉर्मॅलिननं काय घोडं मारलं होतं? मी पेपरात डोकं घातलं.

२० जानेवारी
पोरांना खरं सांगायचं ठरवलं होतं. घसा बसला.

२८ जानेवारी, दुपार
समिती आली. पानं पाहून खूष. अध्यक्षांनी विचारलं, खरंच इतकं निरुपद्रवी? मी तोंड उघडायच्या आत शंकासुर पुढे. म्हणाली, सरांनी शिकवलंय, यात विष नाहीच, प्यायलं तरी चालेल. आणि बरणी उचलून तोंडाला लावायला निघाली!

मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळ्या इमारतीनं ऐकलं. मोरचूद आहे, पिऊ नकोस! बरणी हिसकावली, निम्मी अध्यक्षांच्या शर्टावर. पोरीच्या ओठाला थेंबही लागला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
तसं पाहिलं तर प्रात्यक्षिक प्रभावी झालं. विषारी रसायनं का टाळावीत, हे याहून चांगलं कोण शिकवणार? बाईंना हे सांगून पाहिलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत.

३१ जानेवारी
विषय बंद. कॉम्प्युटरवाले टेबलं मोजून गेले. बरण्या धूत होतो, तर शंकासुर आली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. वही उघडून तिनं अगदी नम्रपणे विचारलं, सर, यातलं कुठपासून खोडू? म्हटलं, उद्या तासाला सांगतो. बरं म्हणाली आणि गेली. उद्यापासून तास नाही, हे तिलाही माहीत होतं.