माणूस नसला तरी चालणारा डिफ्युझर

बुधवार, ५ फेब्रुवारी

परत ते काचेचं फूल ब्लीचच्या पाण्यात बुडवलं. फूल आपलं मी म्हणते. दिशा म्हणते, "आजी, डिफ्युझर!" सिलिंडरचा गॅस त्यातून बारीक बुडबुड्यांनी टाकीत सुटतो आणि पाण्यातली झाडं तो खातात. सोड्यातला असतो तोच गॅस म्हणे. हे कारखान्यातून सुटले की विक्रोळी स्टेशनाबाहेर आम्ही दोघं गोटी सोडा प्यायचो. नाकात झिणझिण्या यायच्या. आता तोच गॅस माशांच्या घरात, आणि त्या फुलाच्या पांढऱ्या चकतीवर दर आठवड्याला शेवाळ चढतं. घासायला मी.

"आई, तुमचा हात हलका आहे," सूनबाई म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून रेवतीने केलेलं पहिलं कौतुक, तेही ब्लीचसाठी. भाकरी मोडताना बोटांना तोच वास.

माधुरीचा मनोरीहून फोन. "ताई, ये गं महिनाभर. दोघी म्हाताऱ्या गप्पा मारत पडू." धाकटी बहीण, एकटीच असते. सुबोधला विचारलं. मोबाइलमधून मान वर नाही. "आई, टाकी कोण बघणार?"

दिवाळीतही हेच म्हणाला होता. आईला कोण बघणार, हे कोणी विचारत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दिशाला सांगितलं, ज्याला घासावं लागत नाही असं काहीतरी शोध बाई. माझ्या दिवाणावर मांडी ठोकून बसली, टाकीला टेकून. हॉलमध्ये दिवाण आणि टाकी शेजारी शेजारी, दोन्हींचा पसारा तेवढाच! मोबाइलवर फोटो दाखवत होती. पोरगी माझ्यावर गेलीय. एकदा मनात आलं की सोडत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

बोरिवलीतच माशांच्या दुकानात गेलो, दिशा आणि मी. तिच्या बापाला सांगितलं, देवळात जातोय. (गेलोही, येताना. खोटं कशाला?)

दुकानवाला केतन, गोड बोलणारा. आपल्या घरच्यासारखाच काचेचा एक दाखवला, त्याहून नाजूक. एक प्लॅस्टिकची शिडी, तिच्यावरून बुडबुडा रांगत वर जातो. बघायला मजा, पण म्हणाला, "आजी, ही छोट्या टाकीला." मग एक स्टीलचा. तो टाकीत नाहीच, बाहेर फिल्टरच्या नळीत बसतो.

"कितीदा घासायचा?"

"काही महिने हातसुद्धा लावू नका. गॅस टायमरवर टाका. घरात माणूस नसला तरी चालतो."

"हाच दे."

दिशा म्हणाली, "आजी, ह्याने सगळ्या पाण्यात बुडबुडे पसरतात हं. पप्पा कटकट करतील."

म्हटलं, करू दे. "मी आहे ना," असं वर तीच म्हणाली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सुबोधने बसवला. टाकी अख्खी सोड्याच्या बाटलीसारखी दिसते. कटकट नाही, उलट खूश. माझे हात कोरडे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

"आई, जा ना बिनधास्त. राहा हवं तेवढं," सुबोध म्हणाला.

एवढ्या पटकन? मी तर भांडायच्या तयारीत होते. रेवतीने स्वतः माझ्या साड्या घड्या करून बॅगेत भरल्या. हिवाळ्यातली शालही घातली. म्हटलं, अगं, आता उन्हाळा येतोय. म्हणाली, "असू दे हो, लागेल."

परत कधी येणार, हे मात्र कोणी विचारलं नाही. घाईत असतील.

रविवार, १६ फेब्रुवारी. मनोरी

माधुरीने बोंबील तळलेत. हाका मारतेय. तिला काही सांगितलेलं नाही.

निघताना चष्मा राहिला म्हणून जिन्यातून परत वर गेले. दार उघडंच होतं. माझा दिवाण भिंतीपासून ओढलेला. सुबोध खाली बसून त्याची जागा टेपने मोजत होता. "चार फुटी टाकी बसेल गं आरामात," म्हणत होता.

टेपचं दुसरं टोक दिशाने धरलं होतं.