दुसऱ्याच्या घराची वास्तुशांत

४ जानेवारी
सामान लागलं. सावेडीतला 'लक्झरी' वन बीएचके. लक्झरी म्हणजे भिंतीत खिळा ठोकायचा नाही आणि पोहण्याच्या तलावात फक्त पाला पोहतो. अण्णांना सोनईहून आणलं. दारातच विचारलं, "ओटा कुठाय?" स्वयंपाकाचा दाखवला. "बसायचा गं." तो नाही.

एजंटनं बजावलंय, वडिलांचं आजारपण मालकांना कळता कामा नये. पौषात मुहूर्त नाही, वास्तुशांत व्हायचीय. त्याआधी घरात काही बरंवाईट झालं तर… म्हणून अ‍ॅग्रीमेंटात मी एकटी. अण्णा पाहुणे. डायलिसिस पुढच्या चौकात, म्हणून हे सगळं नाटक.

१७ जानेवारी
"पाहुणे बरेच राहिले," वॉचमन. अण्णा दिवसभर खाली लॉबीत. सोफ्याचं प्लॅस्टिक सोसायटीनं अजून काढलेलं नाही. अण्णा म्हणतात, "हाललं की वाजतंय. लोक बघत्यात."
साप्ताहिकात मी जगाची सालं काढते. मालकांचा फोन आला की, "हो दादा, हो दादा."

२ फेब्रुवारी
मालक राहात्याचे, पेरूच्या बागा. गुरुवारी वास्तुशांत. "ताई, सामान तेवढं बेडरूममध्ये लोटा. आणि ते पाहुणे त्या दिवशी नकोत."
भाडं मी द्यायचं, गृहप्रवेश त्यांनी करायचा. फर्मास लेख झाला असता. छापला तर घर जाईल.

६ फेब्रुवारी
गुरुवार डायलिसिसचाच. दुपारी अण्णांना परत आणलं तर वर पंगत चालू. लॉबीत बसवलं. हाताला पट्टी, डोळे मिटलेले. होमाच्या धुराला कंटाळून मालकांची आई खाली येऊन बसलेली.
"कुठलं पाहुणं?"
"सोनई. वर लेक ऱ्हाती. तिच्यापाशीच असतो."
"करमतंय का वर?"
"ऊन येत न्हाई. मानूस बी येत न्हाई."
म्हातारी एकदम, "जेवला न्हाईत ना?" उत्तराची वाट न बघता लिफ्टमध्ये घातलं त्यांना. पहिल्या पाटावर बसवलं. लेकाला सगळ्यांसमोर, "वास्तूच्या दिवशी घरातलं म्हातारं मानूस उपाशी ठिवतोस व्हय रं?"
मालकांच्या हातात तुपाचं भांडं तसंच. जोडीनं वाकून नमस्कारही करावा लागला. अण्णांचा आशीर्वाद लांबलचक. पथ्याला सुटी. मालकांची नजर पट्टीवर.

९ फेब्रुवारी
मालक : "ताई, फसवलंत." खरंय.
"महिनाअखेर खाली करा. आईला ठेवायचंय तिथं."
"एकट्यांना?"
"लिफ्ट आहे, वॉचमन आहे. अजून काय लागतं म्हाताऱ्या माणसाला?"
अण्णांना सांगितलं नाही. सोनईहून दर फेरीला एसटी… येणं जमेल एखादवेळ. डायलिसिस करून परत जाणं नाही जमायचं.

१६ फेब्रुवारी
दुसरा एजंट, तोच प्रश्न. कोण कोण राहणार? या वेळी 'एकटी' म्हणायला जीभ वळेना. खरं सांगितलं. तो फ्लॅट अर्थातच 'आत्ताच गेला'.

२१ फेब्रुवारी
राहात्याहून पेरूची पेटी, टेम्पोवाल्याच्या हाती. मागोमाग फोन. मालकांची आई, सुनेच्या मोबाईलवरून, दबक्या आवाजात. "बाई, तुमी निघू नका. तुमी निघालात की मला यावं लागंल."
"मुलाला सांगा ना."
"सांगून झालं."
कट.
ज्या घराची एवढी शांत झाली, तिथं यायला मालकाची आई तयार नाही आणि तिथून निघायला मी.
अण्णांना पेरू बंद. एक हातात धरून नुसता वास घेत बसलेत.
"म्हातारी येनार हाय का हितं?"
"का?"
"न्हाई, नको यायला. लई बोलकी हाय. हितं कुनाशी बोलंल?"
मग सगळं सांगून टाकलं. ऐकलं. पेरू खाली ठेवला.

२७ फेब्रुवारी
उद्या मालक किल्ली घ्यायला येणार. एकही खोकं बांधलेलं नाही. दारावर त्यांच्या वास्तुशांतीचं तोरण, वाळलेलं, तसंच.
अण्णा सकाळपासून लॉबीत. मी खाली गेले तर सोफ्याचं प्लॅस्टिक सोलतायत, सावकाश, कडेकडेनं. वॉचमन ओरडत होता.
"अण्णा, काय हे?"
"ऱ्हायचंच हाय, तर हे वाजतं ठिवायचं कशाला?"
दुसरी कड मी धरली.