तिसोन सोमवारीच का जेवतो

मोन्सेफू, मंगळवार, १२ ऑगस्ट २००३

प्रिय इर्मा,

तू, आबेल आणि पोरं मजेत असाल. आम्हीही ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, माझी पाठ टोप्या विणून धरते, यात नवीन काही नाही. हे पत्र लिमाच्या गाडीवरच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. फोन कसिल्दाच्या भाचीच्या दुकानात आहे आणि तिथे बोललेलं मी घरी पोहोचायच्या आत शेजारी कसिल्दाला कळलेलं असतं. मला जे विचारायचंय ते तिला कळायला नको.

सरळच विचारते. जुलैच्या सणाला तू इथे राहून गेलीस, तेव्हा तिसोनला काय खायला घातलंस?

लगेच फणकारू नकोस. तू गेलीस आणि थोड्याच दिवसांत त्याने जेवण टाकलं. हा कुत्रा लहानपणापासून काय वाटेल ते खायचा. कोंबडीच्या माना घातलेला भात, रताळ्याची सालं, आंब्याची कोय, एकदा तर माझी अर्धी विणलेली टोपी. आता संध्याकाळी ताटली पुढे ठेवली की वास घेतो, माझ्याकडे बघतो आणि तोंड फिरवून पडून राहतो. जणू मीच काहीतरी गुन्हा केलाय. मी कोंबडीची काळजं रताळ्याबरोबर उकडून दिली. बोकडाच्या आतड्यांचं सूप केलं, त्याच्या वासाने गल्लीतली सगळी कुत्री दाराशी आली, हा उठला नाही. चिक्लायोहून कुत्र्यांसाठी मिळतो तो तयार खाऊ आणला, तर एकेक दाणा तोंडात घेऊन ताटलीभोवती नीट मांडून ठेवला. तुझ्या लिमातली माणसं कुत्र्यांना सॉसेज चारतात असं ऐकते. तसलं काही लाड करून गेली असलीस तर सांग, म्हणजे मी निदान त्याच्या डोक्यातून ते काढायच्या मागे लागेन.

हसू नकोस. आईचं सगळं त्या कुत्र्यावर चाललंय. त्याच्या अंगावर केस नाहीत आणि कातडी तव्यासारखी गरम, म्हणून तो गुडघ्यांना टेकून बसला की तिला उठता-बसता येतं. मलम, गोळ्या, काही म्हणजे काही ती घेत नाही, फक्त तिसोन. त्याला काही झालं तर ती अंथरूण धरेल. दिवसभर नुसता झोपून असतो तो हल्ली. हाक मारली तर एक डोळा उघडतो. मला भीती वाटते.

माझा संशय कसिल्दावरही आहे. ती संध्याकाळी खांदा शेकायला तासभर त्याला नेते. पूर्वीपासून नेतेय, आपल्याकडे असा कुत्रा घरात असला की शेकायला न्यायला शेजारपाजारच्यांना नाही म्हणत नाहीत. पण परवा म्हणाली, "तिसोन माझ्याकडेच रमतो गं." हे बोलणं मला आवडलं नाही. पाणी कुठेतरी मुरतंय.

आई बरी आहे. दुपारची झोपते. जुलैत दोनदा हमरस्त्यावर जाऊन सान्याला, तिच्या माहेरगावी, जाणारी गाडी थांबवत बसली होती, तसं आता करत नाही. माहेरचं नाव काढत नाही. मी ताट वाढून देते आणि ओसरीवर विणायला बसते. तिची ताटली चाटूनपुसून लख्ख परत येते. बाटली पोचली, तू सांगितलंस तसं चाललंय. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

काय चारलंस ते कळव.

नेलिडा


मोन्सेफू, बुधवार, २७ ऑगस्ट

प्रिय इर्मा,

तुझं पत्र मिळालं. "मी तुझ्या कुत्र्याला हातसुद्धा लावला नाही, मला त्याचं ते उघडं अंग बघवत नाही," हे वाचून बरं वाटलं असं नाही, पण विश्वास ठेवते. सध्यापुरता.

तिसोनला चिक्लायोला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. टोपलीत, अंगावर शाल घालून, बसमधली माणसं मूल समजून जागा देत होती. डॉक्टर पोरगेलासा, पण हात चांगला. त्याने पोट दाबलं, वजन केलं आणि म्हणाला, "बाई, हा उपाशी नाही. हा पोटभर जेवलेला कुत्रा आहे. कोणीतरी याला घालतंय."

बघ. मी वेडी नव्हते.

इतका झोपतो का, तेही विचारलं. त्याने घरात काय काय औषधं आहेत असं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, गुडघ्याचं मलम. मग म्हणाला वय झालं असेल.

घरी आल्यावर अंडं उतरवलं त्याच्यावरून. कोणी करणी केली असेल तर फोडल्यावर पेल्यातल्या पाण्यात कळतं. पिवळं स्वच्छ निघालं, एक तार नाही की फुगा नाही. म्हणजे करणी नाही, नुसतं खाणं. मग मी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला लागले आणि एक गोष्ट सापडली. तिसोन सोमवारी जेवतो. फक्त सोमवारी. संध्याकाळी ताटली ठेवली की तुटून पडतो, भात, माना, काहीही, आणि ताटली ओसरीभर ढकलत चाटत बसतो. मंगळवारी परत तोंड फिरवतो.

आता सोमवारी काय वेगळं होतं? सोमवारी मी टोप्या द्यायला चिक्लायोला जाते आणि आईजवळ कसिल्दा बसते. येताना एस्पेसादोच्या दाट रश्श्याचं पातेलं आणते, तिच्या सासूच्या पद्धतीचं, कोवळा मका वाटून, लोचे भोपळा घालून. म्हणजे सोमवारी ती आपल्या घरात असते, माझ्या आईच्या डोळ्यांदेखत, तेव्हा तिला कुत्र्याला चोरून चारता येत नाही. बाकीचे सगळे दिवस तिच्या घरी चारते. मला तर हे लख्ख दिसलं.

काल तिच्या दारात जाऊन तोंडावर बोलले. आवाज चढला असेल थोडा. तिने हातातलं पीठ झटकलं आणि माझ्यावर उलटली.

"माझ्या घरी माझ्याच पोरांना पुरत नाही आणि तुझ्या कुत्र्याला काय घालू? दगड? तो इथे येतो आणि मढ्यासारखा झोपतो, बस. आणि ऐकायचंच असेल तर ऐक. सोमवारी तुझी आई दोन-दोन ताटल्या जेवते. आठवडाभर अन्न बघितलं नसल्यासारखी. कुत्र्याचं सोड, आधी ती बाकीच्या दिवशी काय खाते ते बघ."

मी आईला उपाशी ठेवते, असं मला तोंडावर म्हणाली! एवढं लोकांसाठी राबायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. आई दुपारची ताटली रोज रिकामी करते, मी स्वतः घासते ती. मी कसिल्दाला सांगितलं, तिसोन यापुढे तुझ्याकडे येणार नाही आणि तूही येऊ नकोस. शेकायला विटा तापव.

आई थोडी उतरली आहे, हे खरं. घागरा कंबरेशी दोनदा दुमडून खोचते. या वयात माणूस आटतोच.

बाटलीबद्दल तू परत विचारलंस. आहे अजून, अर्धी आहे. सारखं विचारू नकोस.

सोमवारी मी चिक्लायोला जाणार नाही. घरीच बसून बघेन काय होतं ते.

नेलिडा


मोन्सेफू, रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय इर्मा,

आधी हे वाच आणि मग पुढचं. आई जिवंत आहे. परवा सकाळी उठताना पडली. मोडलं काही नाही.

मी सोमवारी घरी थांबले. कसिल्दा आली नाही, पातेलंही आलं नाही. मी स्वतः एस्पेसादो केलं, चांगलं झालं होतं. आईला वाढलं आणि ओसरीवर बसले. संध्याकाळी तिसोनने ताटलीकडे ढुंकून पाहिलं नाही. सोमवार असून. मला वाटलं, कसिल्दाने भिंतीवरून काहीतरी टाकलं असणार. मी शिडी लावून भिंतीपलीकडे बघितलं, इर्मा. या वयात शिडीवर चढले.

मंगळवार, बुधवार, गुरुवार तसेच गेले. शुक्रवारी सकाळी धप्प आवाज आला. दवाखान्यातली बाई आली, आईच्या पापण्या ओढून बघितल्या, दंडाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ही जेवते का. मी म्हटलं, ताटली लख्ख असते. ती म्हणाली, मग पोटात जात नाहीये.

मी कोंबडीचं सूप केलं आणि आईच्या उशाशी नेलं. त्या सुपात काही नव्हतं. आई शपथ नव्हतं. तिने वाटीकडे बघितलं, मग पलंगाखाली हात सोडला आणि तिसोनला चुचकारलं.

"आधी त्याला दे," म्हणाली.

"अगं आई, सूप आहे ते. तुझ्यासाठी केलंय."

"ठाऊक आहे. त्याला दे थोडं. मग बघू झोपतो का."

माझ्या हातातली वाटी कलंडली. अर्धं सूप गोधडीवर गेलं.

ती अगदी शांतपणे बोलत होती, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. म्हणाली, ऑगस्टच्या सुरुवातीला ती दुपारी जेवली की डोकं जड व्हायचं, उठली की तोंड कडू. मग एकदा भात नको झाला म्हणून तिसोनला घातला, तर तो दारात कोसळला आणि दिवेलागणीपर्यंत घोरत पडला. तेव्हापासून रोज माझ्या हातचं सगळं त्याला. सकाळी पाववाल्याचा पाव आणि कॉफी, त्यावर दिवस काढायचा, आणि सोमवारी कसिल्दाचं पातेलं. त्यात मी हात घालत नव्हते ना. आणि परवाच्या सोमवारी मी केलं, तेही तिसोननेच खाल्लं.

मी विचारलं, मग दुपारी झोपायचीस ती?

"डोळे मिटून पडायचे. तुला विणायचं असायचं."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि रडले. लहान मूल रडतं तशी. तिने मला जवळ घेतलं नाही. तिसोनच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

तू मला पत्रात म्हणशील की आपण तिच्या भल्यासाठीच केलं. हो. ती रस्त्यावर जाऊन बसायची, एखाद्या ट्रकखाली आली असती. मी एकटी होते, टोप्या पुऱ्या होत नव्हत्या, रात्रंदिवस दार राखत होते. तू झोपेचे थेंब पाठवलेस, लिहिलंस "पाच थेंब कालवणात, तिला कळणारही नाही". आणि पहिल्या आठवड्यात ती झोपली तेव्हा घर इतकं शांत झालं की मी सुखाने विणलं. गाणं म्हणत विणलं. हे मला कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून मी दोन पत्रं भरून कुत्र्याबद्दल लिहीत राहिले. डॉक्टरशी खोटं बोलले. आठवडाभर मी तुझ्यावर संशय घेतला, मग कसिल्दावर, शेवटी भिंतीवर. माझ्या स्वतःच्या हातावर मात्र एकदाही नाही.

बाटली मी मोरीत ओतली. कसिल्दाचे पाय धरायला गेले, पण तिने धरू दिले नाहीत. "तू मूर्ख आहेस, वाईट नाहीस," म्हणाली आणि पातेलं चढवलं. तिसोनला पुन्हा न्यायला लागली आहे. तो आता काहीही खातो, तो चिक्लायोचा खाऊसुद्धा, काल एक साबणाचा तुकडा.

आई जेवते, पण अशी जेवते. मी वाढते. ती पहिला घास तिसोनला देते, मग हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसते. जेवण गार होतं. तो जागा राहिला की मगच ती घास उचलते. परवा रात्री मी तिच्यासमोर तिच्या ताटलीतला घास आधी खाल्ला. ती म्हणाली, "तू खाल्लंस म्हणून काय झालं, तुला झोप हवीच आहे." मी हसले. ती हसली नाही.

पण तुला लिहिते आहे ते एवढ्यासाठी नाही. काल जेवताना तिने अचानक विचारलं, "इर्मालाही माहीत होतं का?"

मी म्हटलं, नाही. सगळं माझं डोकं. इर्माला कळलं असतं तर तिने मला फाडून खाल्लं असतं.

तिने माझ्याकडे बघितलं, तिसोनकडे बघते तसंच, बराच वेळ. तिला पटलं की नाही ते मला सांगता येणार नाही. पण मग तिने विचारलं की इर्मा कधी येणार, आणि ती ते बदकाचं करते तसं करेल का.

म्हणून ये. सणाची वाट बघू नकोस, आबेलला सांगून या आठवड्यातच ये. तू माझं बोलणं खोटं पाडलंस तर मग तिला जगात कुणाच्या हातचं खाता येणार नाही. फोनवर काही बोलू नकोस, माझी माफी मागू नकोस, तिच्याशी तर त्याबद्दल एक अक्षरही काढू नकोस. नुसती चुलीशी उभी राहा, तिच्यासमोर कर आणि तिच्यासमोर वाढ. मी बाहेर बसेन. मला फक्त आतून ऐकायचंय की पहिला घास तिने स्वतःच्या तोंडात घातला.

तुझी बहीण, जिने तुझं नाव राखलं,
नेलिडा